नेट बंद पडलं तर आधी बघा, मग बटण दाबा

जिनिंग, कृषी केंद्र, पतसंस्था, सेतू केंद्र, शाळा आणि दवाखान्यांतल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही संगणक आणि नेटवर्कची देखभाल-दुरुस्ती करतो. हिंगणघाट, समुद्रपूर आणि राळेगाव या तीन तालुक्यांत आमचे ग्राहक विखुरलेले आहेत. फोन आला की आमचा माणूस निघतो, पण वडकीच्या पलीकडं पोचायला वेळ लागतो. कापसाच्या हंगामात तेवढ्यात तुमच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर त्या दिवशी येणंच होत नाही. म्हणून हे पत्रक काढलं आहे. यातलं पुष्कळसं तुम्ही पेचकस हाती न घेता करू शकता. जे करू नये, तेही स्पष्ट लिहिलं आहे.

आमचं मुख्य सांगणं असं की काही बंद पडलं की लगेच बटणं दाबू नका, वायरी उपसू नका. बिघाड कुठं आहे ते आधी बघा. नेटच्या डब्ब्यावर कोणता दिवा लाल होता, स्क्रीनवर काय लिहून आलं होतं, हे बंद-चालू केल्यावर पुसलं जातं आणि मग आम्हालाही अंधारात चाचपडावं लागतं. मोबाईलवर दिव्यांचा आणि स्क्रीनचा एक-एक फोटो काढा. त्यानंतर खुशाल बंद-चालू करा.

एकाचं बंद की सगळ्यांचं?

फोनवर आमचा पहिला प्रश्न हाच असतो. शेजारच्या टेबलावर नेट चालतं का, ते उठून बघा. एकाच संगणकाचं बंद असेल तर दोष त्या संगणकात, त्याच्या वायरीत किंवा वायर जिथं खोचली आहे त्या खाचेत असतो. सगळ्यांचं बंद असेल तर दोष नेट वाटून देणाऱ्या राउटरमध्ये, सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात त्या डब्ब्यात म्हणजे स्विचमध्ये, किंवा बाहेरून येणाऱ्या काचेच्या वायरीत म्हणजे फायबरमध्ये. एवढं कळलं की निम्मा शोध संपतो.

सगळ्यांचं बंद असताना फायबरच्या डब्ब्याकडं जा. त्यावर ‘पॉवर’ (Power), ‘पॉन’ (PON, म्हणजे कंपनीशी जोडणी) आणि ‘लॉस’ (LOS, म्हणजे सिग्नल नाही) असे दिवे असतात. ‘पॉवर’च लागत नसेल तर बोर्ड आणि अडॅप्टर बघा. अडॅप्टरची अदलाबदल फार होते. केबल टीव्हीच्या डब्ब्याचा अडॅप्टर राउटरला बसतो, पण एक १२ व्होल्टचा आणि दुसरा ९ व्होल्टचा असू शकतो. चुकीच्या अडॅप्टरवर डब्बा सुरू झाल्यासारखा दिसतो आणि सारखा बंद पडत राहतो, किंवा कायमचा जळतो. अडॅप्टरवरचा आकडा डब्ब्याच्या मागच्या आकड्याशी जुळतो का, ते वाचा.

‘लॉस’ लाल दिसत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली असेल, माकडांनी खांबावरून ओढली असेल, उंदरानं कुरतडली असेल, किंवा तुमच्याच टेबलामागं बारीक पिवळी वायर कपाटाखाली दबून मुडपली असेल. हे शेवटचं तेवढं तुम्ही बघू शकता. दाब काढा, वायरीला मोठा गोल वळसा राहू द्या. ती उपटून तिचं टोक डोळ्यासमोर धरू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण तो लेझर असतो. टोक रुमालानं पुसूही नका, कारण काचेच्या त्या टोकावर धुळीचा कण बसला तरी सिग्नल पडतो. लाल ‘लॉस’ची दुरुस्ती नेट देणाऱ्या कंपनीकडं असते. तक्रार लगेच नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. आमची वाट बघण्यात वेळ घालवू नका.

‘पॉन’ हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर काळ्या खिडकीत थोडं टाईप करावं लागेल. विंडोजचं बटण धरून ‘आर’ दाबा, ‘सीएमडी’ (इंग्रजीत cmd) लिहून एंटर करा. त्यात ‘पिंग’ (ping) लिहून, जागा सोडून, राउटरचा पत्ता टाका. तो बहुतेकांकडं १९२.१६८.१.१ असतो. उत्तर आलं तर तुमच्यापासून राउटरपर्यंतचा रस्ता ठीक. मग तसंच ८.८.८.८ ला पिंग करा. इथंही उत्तर आलं आणि तरी एकही साईट उघडत नसेल, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. ती आम्ही फोनवरून पाच मिनिटांत बदलून देऊ शकतो.

एकाच संगणकावर अडचण असेल तर त्याच खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) लिहा. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर संगणकानं राउटरकडं पत्ता मागितला आणि तो मिळाला नाही. बहुतेक वेळा वायरीचं प्लास्टिकचं टोक सैल झालेलं असतं. त्याची जीभ मोडली की खुर्ची सरकली तरी ते निसटतं. टक असा आवाज येईपर्यंत ते दाबा, किंवा दुसरी वायर लावून बघा.

आणि सरकारी पोर्टल? पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला, शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी सेतू केंद्रांतून आम्हाला ‘नेट बंद’ म्हणून फोन येतात. दुसरी एखादी साईट उघडा. ती झटकन उघडत असेल तर तुमचं नेट ठणठणीत आहे, गर्दी पलीकडच्या सर्व्हरवर आहे. राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी फरक पडणार नाही. उलट लॉगिन गेलं तर पुन्हा ओटीपीच्या रांगेत उभं राहावं लागतं. असे अर्ज पहाटे किंवा रात्री उशिरा भरले तर बरेचदा निघतात. रांगेतल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगा. त्याचा राग तुमच्या केंद्रावर निघायचं कारण नाही.

ते बारीक छिद्र

राउटरच्या मागं पिन घालून दाबायचं एक छिद्र असतं. ते कृपा करून दाबू नका. बंद-चालू करणं म्हणजे पॉवरचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटानं सुरू करणं. छिद्र दाबून ठेवलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. कंपनीचं युजर नेम आणि पासवर्ड, प्रिंटरला बांधून दिलेला पत्ता, कॅमेऱ्यांची मांडणी, सगळं जातं. दहा मिनिटांची अडचण मग दिवसभराची होते.

वायरी आवरल्यावर सगळंच बंद

शाळांमध्ये सुट्टीनंतर हे हमखास होतं. संगणक खोली झाडून-पुसून काढतात, एक वायर मोकळी लोंबताना दिसते, आणि कोणीतरी काळजीनं ती रिकाम्या खाचेत खोचून देतं. तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये असतं. झालं, माहिती गोल-गोल फिरत राहते, स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि पूर्ण ऑफिस ठप्प होतं. अशा वेळी शेवटी खोचलेली वायर काढा. कोणती ते आठवत नसेल तर एकेक काढून बघा, पण काढण्याआधी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहा.

दुसरा प्रकार घरून आणलेल्या जास्तीच्या राउटरचा. वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून कोणीतरी तो जोडतं आणि दोन्ही राउटर पत्ते वाटू लागतात. मग काहींचं नेट चालतं, काहींचं नाही, आणि सकाळी चाललेलं दुपारी बंद होतं. जास्तीचा राउटर लावायचा असेल तर आधी आम्हाला विचारा. त्याचं पत्ते वाटणं बंद करून तो नीट वापरता येतो.

प्रिंटर आणि टॅली

प्रिंटर सुरू, कागद भरलेला, तरी ‘ऑफलाईन’. लाईन जाऊन आल्यावर राउटरनं प्रिंटरला नवा पत्ता दिला असतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर सातबारा पाठवत बसतो. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता बांधून ठेवणं. ते आमच्याकडून एकदा करून घ्या. तोवर एकच छापा पुन्हा-पुन्हा देऊ नका, नाहीतर प्रिंटर जागा झाला की सगळे एकदम निघतात.

हिशेबाच्या टॅली प्रोग्रामचा डेटा एका संगणकावर आणि बाकीचे त्यावर जोडलेले, अशी मांडणी बहुतेक जिनिंगमध्ये आणि कृषी केंद्रांत आहे. मुख्य संगणक आणि नोंदी करणारे संगणक वायरीवरच ठेवा. नोंद चालू असताना वायफाय क्षणभर तुटलं तरी डेटा बिघडू शकतो. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीनंतर ‘शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही’ अशाही तक्रारी येतात. या आवृत्तीत बिनापासवर्डच्या जुन्या पद्धतीच्या शेअरिंगवर बंधनं आली आहेत, आणि ती सुरक्षेसाठीच आहेत. इंटरनेटवरचे व्हिडिओ ती बंधनं काढायला शिकवतात, तसं करू नका. मुख्य संगणकावर पासवर्डचं खातं काढून दिलं की काम होतं.

एखाद्या जुन्या संगणकाची तारीख रोज मागं जात असेल आणि जीएसटीचं पोर्टलही ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असेल, तर आतला सीआर २०३२ नावाचा बटणासारखा सेल संपला आहे. तारीख चुकीची असली की साईटचं प्रमाणपत्र संगणकाला खोटं वाटतं. सेल स्वस्त असतो. नवा संगणक घ्यायचा विचार त्यासाठी करू नका.

लाईन, ऊन, वीज आणि रुई

इथं जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात यंत्रं मुख्यतः यानंच मरतात.

आधी अर्थिंग. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते, खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग नावापुरती उरते. संगणकाच्या डब्ब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. तो ३ व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थिंग आणि वायरिंग तपासून घ्या. मार्च ते जून खड्ड्यात नियमित पाणी घाला.

यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते, गरम खोलीत त्याहून कमी. दर महिन्याला एकदा, काम सेव्ह करून, यूपीएसचा प्लग काढून बघा. संगणक किमान पाच मिनिटं चालला पाहिजे. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. त्यातला हीटर एकदम मोठा भार ओढतो आणि यूपीएस सगळ्यांना घेऊन बसतो.

राउटर टिनाच्या छताखाली उंच बांधलेला असेल तर मे महिन्यात तो सारखा अडकणारच. बहुतेक राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडं बाहेर पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाखाली त्याहून जास्त. राउटर छातीच्या उंचीवर, भिंतीच्या सावलीत आणा. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. ओलसर, क्षारयुक्त हवेनं पितळी खाचांवर पांढरट थर चढतो, आणि मग पावसाळ्यात कारण सापडत नाही अशा तक्रारी सुरू होतात.

जिनिंगवाल्यांसाठी: रुईचे तंतू संगणकाच्या पंख्यावर नमद्यासारखे बसतात. हंगामात दर पंधरा दिवसांनी यंत्र बंद करून, प्लग काढून, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा. बोर्डावर आणि एक्स्टेंशनवर साचलेली रुई त्याहून धोक्याची, ठिणगी पडली तर आग लागते. ही साफसफाई रोजची असू द्या.

आता वीज. मृगाच्या आधीच्या वादळांत आमच्याकडं जळके स्विच येतात, आणि बऱ्याच ठिकाणी कारण एकच असतं: गाड्या तोलायच्या धर्मकाट्यापासून ऑफिसपर्यंत उघड्यावरून ओढलेली तांब्याची नेटवर्क केबल. जवळपास वीज पडली तरी त्या तारेत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. शिवाय ही केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते, आणि काटा बरेचदा त्याहून लांब असतो. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका. काचेतून वीज वाहत नाही आणि अंतराचीही अडचण राहत नाही. दोन्ही टोकांच्या कन्व्हर्टरसह खर्च एकदाच होतो. तोवर गडगडाट दूर असतानाच राउटरचा प्लग आणि बाहेरून आलेली केबल, दोन्ही काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही. वीज डोक्यावर आली असेल तर मात्र हात लावू नका. यंत्र पुन्हा घेता येतं.

वायफायबद्दल थोडक्यात: टिनाच्या भिंतीतून ते जात नाही, आणि गाठींची थप्पी लागली की गोदामात आणखी कमी होतं. त्याचे दोन पट्टे असतात: लांब पल्ल्याला २.४, जवळ वेगाला ५ गिगाहर्ट्‌झ. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा.

विंडोज १० आणि बॅकअप

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. संगणक चालत राहील, पण सुरक्षेतली नवी भगदाडं नेहमीसारखी आपोआप बुजवली जाणार नाहीत. मे २०१७ मध्ये फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा ‘वॉनाक्राय’ व्हायरस जगभर पसरला तेव्हा त्याला अडवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता, त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. पतसंस्थांनी तरी जुन्या संगणकांची यादी आमच्याकडून तपासून घ्यावी.

बॅकअपची पेनड्राईव्ह संगणकालाच लावून ठेवू नका, व्हायरस तिलाही कुलूप लावतो. दोन घ्या, आलटून-पालटून वापरा, एक घरी असू द्या. महिन्यातून एकदा तीतून एखादी फाईल उघडूनही बघा.

फोन करताना

एकाचं बंद की सगळ्यांचं, कोणता दिवा कसा आहे, आणि बंद पडण्याआधी काय बदललं होतं, एवढं सांगा. नवा प्रिंटर, अपडेट, झाडलोट, लाईन जाऊन येणं, काहीही असो. कोणी चुकून काही दाबलं असेल तर न संकोचता सांगा. आम्ही त्यावरून रागावणार नाही, उलट आमचा शोध लवकर संपतो.

एनीडेस्क म्हणजे दुरून तुमचा संगणक चालवू देणारा प्रोग्राम. त्याचा क्रमांक तुम्ही आम्हाला फोन केला असेल तेव्हाच द्या. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असं सांगत समोरून फोन आला तर ठेवून द्या, आमचं नाव घेतलं तरीही. आम्ही ओटीपी किंवा बँकेचा पासवर्ड कधीच मागत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. तिच्यावर नेट कंपनीचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन आणि राउटर बसवल्याची तारीख लिहून ते राउटरशेजारी भिंतीला लावा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका. तो तिजोरीतल्या वहीत असू द्या.