धरणाला वळसा, सावकाश

पुण्या-पिंपरीकडच्या सायकलवाल्यांत पवना धरणाचा फेरा हा जुना कार्यक्रम आहे. कामशेतला हायवे सोडायचा, पवनानगरला चहा मारायचा आणि मग पाणी एका अंगाला ठेवून ठाकूरसाई, दुधिवरे, तुंगी, मोरवे, जवण, तिकोना पेठ अशी गावं घेत परत यायचं. काठावर उभं राहिलं तर समोरच्या तीरावरचं घर अगदी हाकेच्या अंतरावर वाटतं. रस्त्याने तिथवर जायला मात्र सकाळ संपते. आणि पाणी कितीही सपाट असलं तरी त्याच्या कडेने जाताना मांड्या घाट चढल्यासारख्या भरून येतात.

यातलं अर्धं कोडं भूगोलाचं आहे. सह्याद्रीतलं धरणाचं पाणी म्हणजे बुडालेलं खोरं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. पुढे त्या काळ्या बेसाल्टात पावसाने ओढे-नाले कोरून काढले आणि दर दोन ओढ्यांच्या मध्ये डोंगराची एकेक सोंड उरली. १९७०च्या दशकात पवनेला बांध पडला, पाणी चढलं आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या तोंडातून आत घुसलं. हाताचा पंजा कागदावर पसरून ठेवावा आणि बोटांच्या कडेकडेने पेन्सिल फिरवावी, तशी या पाण्याची कड आहे. रस्त्यालाही तसंच फिरावं लागतं: सोंडेवर चढ, ओढ्यात उतार, मोरी, पुन्हा चढ.

तलावांचा अभ्यास करणारे लोक हा वेडावाकडेपणा मोजायला एक सोपं गुणोत्तर वापरतात. तलावाच्या काठाची लांबी घ्यायची आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाच्या परिघाने तिला भागायचं. तलाव पूर्ण गोल असेल तर उत्तर १. आपलं लोणारचं पाणी उल्कापाताने झालेल्या विवरात साचलेलं, म्हणून ते एकाच्या जवळपास. जपानचं बिवा सरोवर सुमारे ६७० चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याचा काठ भरतो सुमारे २३५ किलोमीटर. तेवढ्या क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा परीघ ९२ किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे बिवाचा आकडा अडीच. डोंगरात नदी अडवून केलेले जलाशय अनेकदा याच्याही पुढे जातात.

यात एक मेख आहे. काठाची लांबी तुम्ही किती बारीक मोजपट्टीने मोजता त्यावर अवलंबून असते. मोजपट्टी जितकी लहान, तितके जास्त खाचेखळगे हिशेबात येतात आणि काठ लांबत जातो. गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याचं उदाहरण घेऊन हाच प्रश्न गाजवला. सायकलवाल्याची मोजपट्टी बांधकाम खात्याने ठरवलेली असते. छोटा ओढा असेल तर मोरी टाकून रस्ता सरळ जातो, मोठा असेल तर आत पार त्याच्या शेंड्यापर्यंत जाऊन वळून येतो. समोरचा रस्ता हातभर अंतरावर दिसतोय आणि आपण उलट्याच दिशेला चाललोय, हा अनुभव पवनेला दर थोड्या वेळाने येतो.

बिवाभोवती साधारण २०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. जपानने २०१९ साली त्याला राष्ट्रीय सायकलमार्गाचा दर्जा दिला. उत्तर टोकाचा डोंगराळ भाग सोडला तर तो बराचसा सपाट, भातखाचरांतून आणि खेड्यांतून जाणारा. पाणी तेही आणि पाणी हेही, मग एवढा फरक का? वयामुळे. बिवा भूगर्भातल्या हालचालींनी खचलेल्या जमिनीत तयार झालं आणि जगातल्या सर्वांत जुन्या सरोवरांत त्याची गणना होते. लाखो वर्षं नद्यांनी गाळ आणून टाकला, त्याची काठाला मैदानं झाली आणि त्यावर रस्ते आले. पवनेच्या पाण्याचं वय माणसाच्या एका आयुष्याएवढंही नाही. मैदान तयार व्हायला वेळच मिळालेला नाही, पाणी थेट डोंगराच्या उताराला टेकलंय. नदीकाठची जी सपाटी होती, शेतं आणि गावं होती, ती खाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं, तेव्हा कळतं की वस्ती नदीच्या किती जवळ होती. ज्यांच्या जमिनी तिथे गेल्या त्यातल्या कित्येकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढची कितीतरी वर्षं लोंबकळत राहिला. त्यापुढे आपल्या मांड्यांचं दुखणं काहीच नाही, पण दोन्हीचं मूळ एकच: सपाट जमीन पाण्याखाली आहे.

आता उरलेलं अर्धं कोडं. सायकल आणि स्वार मिळून ९५ किलो वजन धरू. साधे टायर, जरासा खरखरीत डांबरी रस्ता आणि ताठ बसून ताशी १५ किलोमीटरचा निवांत वेग. टायरच्या घर्षणावर सुमारे ३० वॉट खर्च होतात आणि हवा कापायला साधारण २४. एकूण पंचावन्नच्या आसपास, म्हणजे घरातल्या छताच्या पंख्यापेक्षाही कमी. याच चालीने एक किलोमीटर जायला पायांना सुमारे १३ किलोज्यूल काम करावं लागतं. आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग पॅडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. तरीसुद्धा किलोमीटरला १४ किलोकॅलरीत काम भागतं. तेच अंतर चालत गेलं तर ५०च्या घरात जातात.

वेग दुप्पट केला की चित्र पालटतं. टायरचा खर्च दुप्पटच होतो, पण हवेला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे आठपट. ताशी ३० किलोमीटरला एकूण अडीचशे वॉट लागतात. वेग दुप्पट, शक्ती साडेचारपट. रस्त्यात शेजारून जाणारे, वेग नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपचे भक्त मान खाली घालून, हँडलवर ओणवे होऊन का जातात ते यावरून समजावं. त्यांना हवेपुढे स्वतःचा आकार लहान करायचा असतो. ताशी पंधराच्या चालीत हवा आणि टायर यांचा वाटा जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे ताठ बसून इकडेतिकडे बघत जाण्याची किंमत फारशी पडत नाही.

पण हे सगळं सपाटीचं गणित. ९५ किलो वजन १०० मीटर उंच न्यायला ९३ किलोज्यूल लागतात. म्हणजे १०० मीटरचा चढ आणि सात किलोमीटरची सपाटी यांचा खर्च सारखाच. अन्नाच्या भाषेत ते अदमासे एक केळं होतं. धरणाच्या फेऱ्यात वीस ओढे लागले आणि प्रत्येकाला पंधरा मीटर उतरून पंधरा मीटर चढावं लागलं, असं समजा. झाला ३०० मीटरचा चढ, नकाशात न दिसणारे २१ किलोमीटर आणि तीन केळी.

इथे कोणीही विचारेल की निघालो तिथेच परत आलो, मग जेवढं चढलो तेवढं उतरलोच की! गुरुत्वाकर्षण एक पैसाही ठेवून घेत नाही. खरंय, गुरुत्वाकर्षण ठेवून घेत नाही, पण परतफेड घ्यायची पद्धत आपली चुकते. पंधरा मीटरच्या उतारावर कुठलाच अडथळा नसता तर खाली पोचेपर्यंत सायकल ताशी साठाच्या पुढे गेली असती आणि त्याच वेगावर पलीकडचा चढ आपोआप निघाला असता. तेवढ्या वेगाला हवाच बराचसा भाग खाते. उरलेलं ब्रेक खातो, कारण ओढ्याच्या तळाशी नेमकं वळण असतं, मोरीच्या तोंडाशी खडी सांडलेली असते आणि मोरीवर एखादी म्हैस आडवी उभी असते. ती हॉर्नला हलत नाही, घंटीला तर नाहीच. पंधरा मीटरच्या उतारातली सगळी ऊर्जा ब्रेकने खाल्ली तर तेवढ्या उष्णतेने एका कटिंगएवढ्या पाण्याचं तापमान तीसेक अंशांनी वाढेल. एकेक ओढा असा एकेक कटिंग घेऊन जातो.

चढावर आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पाच टक्क्यांच्या चढावर ताशी सात किलोमीटरने जायलाही शंभरावर वॉट लागतात. पायांनी शंभर वॉट दिले की शरीरात तीन-साडेतीनशे वॉटची उष्णता तयार होते. सपाटीवर निम्मीच उष्णता आणि अंगावर ताशी पंधराचा वारा. चढावर दुप्पट उष्णता आणि वारा जवळजवळ नाहीच. म्हणून घाम चढावर डोळ्यांत उतरतो आणि माथ्यावर थांबल्यावर तर आणखीच फुटतो, कारण आतली भट्टी लगेच विझत नाही आणि उरलीसुरली झुळूकही बंद झालेली असते. थांबायचंच असेल तर माथ्यावरून जरा पुढे, उताराला लागून गार झाल्यावर थांबावं.

याच चढावर सायकल डुगडुगायलाही लागते. सायकल पडत का नाही, याचं उत्तर शाळेत ‘फिरणाऱ्या चाकांमुळे’ असं सांगून मोकळे होतात. २०११ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी एक विचित्र सायकल बनवून दाखवली. तिच्या चाकांबरोबर उलटी फिरणारी चाकं बसवून भोवऱ्यासारखा परिणाम त्यांनी पुसून टाकला होता. पुढचं चाक हँडलच्या अक्षामागे घसटत येतं म्हणून तोल राहतो, असंही म्हणतात; तीही सोय काढून टाकली होती. तरी ढकलून सोडल्यावर ती स्वाराविना तोल सांभाळत गेली. म्हणजे एकच एक कारण नाही. वजन कुठे किती आहे, हँडल कसं बसवलंय, अशा अनेक गोष्टी मिळून सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला स्वतःच हँडल वळवते आणि सावरते. मात्र त्यासाठी वेग लागतो. संशोधक ज्या नमुनेदार सायकलचं गणित प्रमाण मानतात, ती ताशी साधारण साडेपंधरा ते पावणेबावीस किलोमीटर या पट्ट्यात आपोआप स्थिर असते. निवांत फिरण्याचा वेगही जवळपास इथलाच, आणि हा योगायोग मला फार आवडतो. या पट्ट्याखाली आलो की तोल सांभाळायचं काम मेंदूकडे आणि खांद्यांकडे येतं. चढावर नुसते पायच दमत नाहीत ते यामुळे.

वाऱ्याचा हिशेब त्याहून कडक असतो. गोल फेऱ्यात अर्धा वेळ वारा पाठीशी येणार आणि अर्धा वेळ तोंडावर, तेव्हा फिट्टंफाट होईल असं वाटतं. ताशी १५च्या चालीला ताशी १० किलोमीटरचा वारा समोरून आला तर हवेचा खर्च २४ वॉटवरून ६६ वर जातो. म्हणजे ४२ वॉटचा भुर्दंड. तोच वारा पाठीमागून आला तर खर्च तीनच वॉटवर येतो, म्हणजे बचत फक्त २१ची. जाताना जेवढं गमावलं त्याच्या निम्मंच येताना मिळतं. त्यात मोकळ्या पाण्यावर झाडं नाहीत, घरं नाहीत, वाऱ्याला अडवणारं काहीच नाही. झाडीतून काठाच्या उघड्या रस्त्यावर आलं की हँडल एकदम जड होतं, ते याच कारणाने.

गावातल्या लोकांना या वाऱ्याची जाण आपल्यापेक्षा चांगली असते. उन्हाळ्यात या भागात उतारांवर काळे चौकोन दिसतात. ते राब भाजल्याचे. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तिथे शेण, पालापाचोळा आणि काटक्यांचे थर रचून वर माती पसरतात आणि पेटवतात. पेटवतात तेही वाऱ्याच्या उलट बाजूने. वाऱ्याबरोबर आग सोडली तर ती वरच्या वर भरकन निघून जाईल. वाऱ्याविरुद्ध सरकणारी आग रेंगाळत जाते, उष्णता मातीत मुरते आणि तणाचं बी मरतं. शंभर वॉट, दोनशे वॉट असल्या आकडेमोडीत न पडता एवढा नेमका ऊर्जेचा हिशेब कोणी करत असेल, तर टोपी काढायला हरकत नाही.

फेरा कोणत्या बाजूने घ्यायचा, यावर सायकलवाल्यांत वाद असतात. बिवाला घड्याळाच्या उलट दिशेने जा असं सांगतात. जपानमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालायचं असतं, त्यामुळे त्या दिशेने गेलं की पाणी कायम आपल्या बाजूला राहतं आणि फोटोसाठी थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. पवनेला हा नियम तसाच लागू पडतो आणि वाऱ्याचाही फायदा होतो. पवनानगर पूर्वेच्या टोकाला आहे. सकाळी वारा पडलेला असताना उत्तर काठाने दुधिवऱ्याकडे, म्हणजे पश्चिमेला जायचं. उन्हाळ्यात दुपारनंतर घाटाकडून पश्चिमेचा वारा उठतो, तोवर आपण तुंगीहून मोरवे, जवण करत पूर्वेकडे निघालेलो असतो आणि तो पाठीवर मिळतो. टायर थोडे रुंद घ्या आणि हवा दगडासारखी टणक भरू नका, खडबडीत रस्त्यावर ते अंगाला सोसतं. गिअर असतील तर सर्वांत हलका गिअर वापरायला लाजू नका. केळी पवनानगरच्या बाजारातच घेऊन ठेवा.