उसाच्या बेण्यात दडलेला पेशी सिद्धांत

कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही गुऱ्हाळावर गेलो की चरकातनं एकीकडं रस पडताना आणि दुसरीकडं चिपाड बाहेर येताना मला इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक आठवतो. १६६५ साली त्यानं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, बारीक बारीक कप्पे दिसले, त्यांना त्यानं सेल म्हणजे खोली म्हटलं. पण बूच म्हणजे मेलेल्या पेशी, एका अर्थी चिपाडच, नुसत्या भिंती उरलेल्या. जिवंत उसात त्याच भिंतींच्या आत रसानं भरलेली पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात, साखर साठते ती तिथं, आणि चरक जे काम करतो ते म्हणजे अशा अगणित पेशी फोडायचं.

पुढं जर्मन शास्त्रज्ञ श्लायडेननं १८३८ मध्ये वनस्पती आणि थिओडोर श्वान या शास्त्रज्ञानं १८३९ मध्ये प्राणी, दोन्ही पेशींचेच बनलेत असं मांडलं, हाच पेशी सिद्धांत. म्हणजे ऊस, बैल आणि ऊस तोडणारा माणूस, सगळ्यांची वीट एकच! हे मला अजूनही भारी वाटतं.

पण नवीन पेशी येते कुठनं? इथं दोघंही चुकले. काहिलीतला पाक थंड होताना साखरेचे कण धरतात ना, तशा पेशी द्रवातनं तयार होतात असं त्यांना वाटायचं. रॉबर्ट रेमाकनं गर्भाच्या पेशी दुभंगताना बघून १८५२ मध्ये सांगितलं की पेशी पेशीपासूनच होते, १८५५ मध्ये विरशॉनं तेच ठासून मांडलं आणि नाव त्याचंच जास्त झालं, रेमाकला त्याचं श्रेय मिळायलाच पाहिजे. माझ्या मते सिद्धांताचा खरा जीव या भागात, पेशीपासूनच पेशी होते यात आहे.

आपल्याकडं उसाची लागण करताना त्याचं बियाणं कोण पेरत नाही, डोळा म्हणजे कोंब फुटायची जागा असलेली कांडी लावतात. शहाऐंशी झिरो बत्तीस ही उसाची जात मूळ कोइमतूरची, तिथं बियापासनं उगवलेल्या एका रोपातनं निवडलेली. त्या रोपाच्या पेशी दुभंगत गेल्या, कांडीतनं कांडी, लागणीतनं खोडवा म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातनं पुन्हा फुटलेला ऊस, आणि आज पंचगंगेच्या काठावर या जातीचा जो ऊस उभा आहे त्याची प्रत्येक पेशी मागं मागं गेलं की त्याच रोपाला जाऊन भिडते, मधे कुठंही खंड नाही.

म्हणूनच रोगट बेणं लावलं की रोगही सोबत येतो, आणि म्हणूनच टिश्यू कल्चरवाले शेंड्याचा वाढता कोंब, अगदी टाचणीच्या टोकाएवढा, जिथं रोग सहसा पोचलेला नसतो, तो काढून बाटलीत वाढवतात, त्यातनं निरोगी रोपं करतात.