सुर्खी मिसळलेला चुना आणि सुर्खीशी संयोग पावलेला चुना

साधा चुना सर्वांच्या ओळखीचा आहे. चुनखडी भाजून, विझवून, घाणीत (चुना मळायच्या दगडी चाकाच्या गिरणीत) वाळूबरोबर मळलेला हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेट, होतो. घोटाळा होतो तो सुर्खीच्या, म्हणजे विटांची पूड घातलेल्या चुन्याबाबत. जुन्या वाड्याच्या दरजांमधला चुना गुलाबी दिसला, की अहवालात ‘पाण्यातही घट्ट होणारा चुना’ अशी नोंद बिनदिक्कत केली जाते. ती मला मुळीच मान्य नाही. गुलाबी रंग विटेतील लोहाच्या ऑक्साइडचा असतो. पूड चुन्याशी रासायनिक संयोग पावली (तरच तो पाण्यात घट्ट होतो) की नुसती भर म्हणून राहिली, हे रंगावरून कळत नाही.

बेताने भाजलेल्या विटेतील सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात. साधारण ९०० अंश सेल्सिअसच्या वर भाजलेल्या विटेत नवी खनिजे तयार होऊन ही क्षमता घटते आणि तिची पूड लाल वाळूसारखीच वागते. हा फरक पाहायचा तो पातळ छेदात. चुन्याचा तुकडा राळेत बसवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की संयोग पावलेल्या कणाभोवती निराळ्या छटेची कड दिसते आणि ती भोवतालच्या चुन्यात मिसळत जाते. कोऱ्या राहिलेल्या कणाची कड मात्र स्वच्छ, रेखीव असते.

क्ष-किरण विवर्तनात, म्हणजे स्फटिकांची ओळख पटवणाऱ्या चाचणीत, केवळ कॅल्साइट आढळले म्हणून ‘साधा चुना’ ठरवणे हीदेखील तितकीच मोठी चूक आहे, कारण संयोगातून होणारा पदार्थ बहुतांशी स्फटिकहीन असल्याने तेथे नीट उमटत नाही, शिवाय शतकांच्या ओघात त्याचेही कॅल्साइट होत जाते.

नमुना तापवून घटणारे वजन मोजणे उपयोगी पडते: २०० ते ६०० अंशांदरम्यान संयोगातून झालेल्या पदार्थात बांधलेले पाणी निघते, त्यापुढे कॅल्साइटमधील कार्बन डायऑक्साइड, आणि पाण्याचा वाटा जितका जास्त तितका संयोग अधिक. मात्र कोकणात वाळूतच शिंपल्यांचा चुरा असतो आणि त्यातील कॅल्शियम कार्बोनेटही तापल्यावर आपले ४४ टक्के वजन वायूरूपात सोडते, त्यामुळे सुर्खीचा चुनाही साधा भासू शकतो. म्हणून आधी वाळू वगळून ६३ मायक्रॉनखालचा भाग चाळून घ्यावा, आणि छेदात शिंपल्यांची बारीक पूड दिसली, तर या आकड्यावर विसंबू नये.