निगेटिव्ह-सेन्स आरएनए विषाणूंवर रिव्हर्स जेनेटिक्स: परवानगीचा अर्ज कोणी करायचा, त्यात काय लिहायचं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोंबडीपालकांना मानमोडी ओळखून सांगावी लागत नाही. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. गोवर, रेबीज, इन्फ्लुएन्झा आणि १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला चांदीपुरा विषाणू ही सगळी याच गटातली, निगेटिव्ह-सेन्स आरएनए विषाणूंची मंडळी, म्हणजे ज्यांचा आरएनए पेशीला थेट वाचता येत नाही असे विषाणू. यांपैकी एखाद्यावर रिव्हर्स जेनेटिक्सने, म्हणजे प्लाझमिड या छोट्या डीएनए-वर्तुळात ठेवलेल्या विषाणूच्या डीएनए प्रतीत हवा तो बदल करून त्याचा परिणाम पाहण्याच्या पद्धतीने, काम करायचं असेल तर पहिलं प्लाझमिड पेशीत घालण्याआधी परवानगीचं बघावं लागतं. शिवाजी विद्यापीठाच्या विभागात असा, महाविद्यालयात असा किंवा खासगी कंपनीत, नियम एकच आहे.

हे नियम १९८९ चे, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेले. प्रत्यक्ष प्रयोगांची वर्गवारी जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

अर्ज कोण करू शकतं

अर्ज प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाच्या नावाने जातो, म्हणजे बहुधा तुमच्या मार्गदर्शकांच्या. एमएस्सी किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाने तो करता येत नाही. संस्थेत नोंदणीकृत संस्थात्मक जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, असायला हवी. तिच्यात संस्थाप्रमुख, डीएनए तंत्रज्ञानावर काम करणारे शास्त्रज्ञ, एक वैद्यकीय तज्ज्ञ आणि जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला सदस्य असतो. समिती नसेल तर आधी तिची नोंदणी. ती ‘इंडियन बायोसेफ्टी नॉलेज पोर्टल’वर होते आणि पुढचे अर्जही तिथूनच जातात. विषय ठरवण्याआधी विभागप्रमुखांना एवढं विचारून घ्या: आपली समिती आहे का, आणि तिची मुदत चालू आहे का?

सगळं अडतं ते इथे

२०१७ च्या सूचनांप्रमाणे पहिल्या वर्गातल्या प्रयोगांची समितीला फक्त माहिती द्यायची असते. दुसऱ्या वर्गासाठी काम सुरू करण्याआधी समितीची मंजुरी लागते. तिसऱ्या आणि त्यापुढच्या वर्गाला समितीनंतर दिल्लीच्या आरसीजीएमची, म्हणजे जनुकीय फेरफार आढावा समितीची, मान्यताही लागते. आपला प्रयोग कुठल्या वर्गात बसतो हे ठरवताना समितीला खरं जाणून घ्यायचं असतं ते एवढंच: शेवटी पेशीत काय तयार होणार?

निगेटिव्ह-सेन्स विषाणूंच्या बाबतीत याचं उत्तर नेमकं देता येतं, आणि ते देता यावं म्हणून जीवशास्त्र नीट समजलेलं हवं. या विषाणूंचा नुसता आरएनए पेशीत घातला तर काही घडत नाही. पेशीच्या रायबोसोमला तो वाचता येत नाही. त्याला विषाणूचं स्वतःचं पॉलिमरेज, म्हणजे आरएनएच्या प्रती काढणारं प्रथिन, आणि आरएनएभोवती गुंडाळलेलं न्यूक्लिओप्रोटीन सोबत लागतं. म्हणूनच डीएनए प्रतीपासून असा पहिला विषाणू, रेबीजचा, जिवंत करायला १९९४ साल उजाडलं. त्या प्रयोगात पूर्ण जीनोमचं प्लाझमिड आणि एन, पी, एल ही प्रथिनं बनवणारी तीन मदतनीस प्लाझमिडं एकाच पेशीत एकत्र आणली होती. १९९५ मध्ये गोवर आला, आणि आठ तुकड्यांचा इन्फ्लुएन्झा १९९९ मध्ये.

याच गुणधर्मामुळे एक वाट मोकळी होते: मिनीजीनोम. यात विषाणूची जनुकं काढून टाकतात, दोन्ही टोकांचे नियंत्रक भाग तेवढे ठेवतात आणि मध्ये ल्युसिफरेज किंवा हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक बसवतात. एन, पी, एल दिलं की पेशी चमकते, पॉलिमरेजचं काम मोजता येतं, पण पसरणारा विषाणू जन्मालाच येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पॉलिमरेजविषयीचे कितीतरी चांगले प्रश्न यातून सुटतात. मात्र मूळ विषाणू कुठल्या जोखीम गटातला, म्हणजे किती धोकादायक, आहे हे मिनीजीनोमच्या अर्जातही लिहावंच लागतं. निपाह किंवा इबोलाची जनुकं वापरणार असाल तर ‘जिवंत विषाणू नाही, म्हणजे परवानगी नको’ हा निर्णय स्वतःच घेऊ नका, समितीला घेऊ द्या.

पूर्ण विषाणू परत मिळवायचा असेल तर अर्जाचं स्वरूपच बदलतं. उदाहरणार्थ, राणीखेतचा लासोटा हा लसीचा प्रकार आहे. पण पेशीत शिरायला लागणाऱ्या त्याच्या फ्यूजन प्रथिनाचं छेदस्थळ, म्हणजे ते जिथे कापलं जातं ती जागा, बदललं की उग्रता वाढू शकते, हे १९९९ मध्येच दिसून आलं. त्या जागेला हात लावणार असाल, किंवा मुद्दाम लावणार नसाल, दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहा.

कागदपत्रं

प्रकल्पाचा आराखडा, संशोधकांचे बायोडाटा आणि प्रशिक्षणाचे दाखले, प्रत्येक प्लाझमिडचा नकाशा आणि ते कुठून आणलं याचा कागद, पेशींचं नाव, जैवसुरक्षा पातळी, कचरा निष्क्रिय करण्याची आणि सांडलवंड झाल्यास करायची लेखी कार्यपद्धती. प्राणी वापरणार असाल तर प्राणी नैतिकता समितीची मंजुरी वेगळी. सीपीआरसारख्या रुग्णालयातले नमुने घेणार असाल तर मानवी संशोधनाच्या नैतिकता समितीचीही.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, प्लाझमिडवरून आरएनए तयार करणारं टी-७ पॉलिमरेज कुठून येणार? जुन्या पद्धतीत ते जनुक वाहणारा व्हॅक्सिनिया विषाणू वापरत. तो स्वतःच जनुकीय बदल केलेला जिवंत विषाणू आहे, म्हणून त्याची नोंद वेगळी करावी लागते. बीएसआर-टी७/५ सारख्या पेशी हे पॉलिमरेज आपणच बनवतात, त्यामुळे तो प्रश्नच मिटतो. दुसरी, गोवर आणि राणीखेतच्या कुळात जीनोमची एकूण लांबी, म्हणजे त्यातल्या अक्षरांची संख्या, सहाने भागली गेली पाहिजे. नकाशात ती बेरीज जुळत नसेल तर जाणकार सदस्याच्या ते लगेच लक्षात येतं, आणि बाकीच्या अर्जावरचा विश्वासही डळमळतो.

परदेशातून प्लाझमिड मागवायचं असेल तर ते निघण्याआधी अर्ज करा. पहिल्या आणि दुसऱ्या जोखीम गटाचं साहित्य असेल तर समिती निर्णय घेऊ शकते, त्यावरचं आरसीजीएमकडे जातं. धोकादायक विषाणूंचे जनुकीय भाग बाहेर पाठवताना निर्यात परवान्याची स्कोमेट यादी तपासा.

मंजुरी मिळते ती लिहून दिलेल्या प्रयोगापुरतीच. मिनीजीनोमवरून पूर्ण विषाणूकडे वळायचं, यजमान पेशी बदलायच्या किंवा नवं जनुक घालायचं ठरलं तर पुन्हा समितीपुढे जावं लागतं. समिती आरसीजीएमला वार्षिक अहवाल पाठवते. त्यासाठी फ्रीजरमधल्या प्रत्येक कुपीची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडताना ती वही आणि कुप्या सही घेऊन मार्गदर्शकांच्या ताब्यात द्या.