शेतकरी संघटना

शेतमालाला रास्त भाव मिळावा यासाठी लढणारी महाराष्ट्रातील संघटना. शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी १९७९ मध्ये चाकण (जि. पुणे) येथे तिची स्थापना केली. जोशी मूळचे डाक सेवेतले अधिकारी. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील जागतिक डाक संघाची नोकरी सोडून ते परतले आणि आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसू लागले. पिकाचा खर्च आणि हाती येणारी पट्टी (आडत्याने दिलेला मालविक्रीचा हिशेब) यांचा मेळ काही केल्या बसेना. माल विकूनही भाडे-हमालीपोटी शेतकऱ्याकडेच बाकी निघते, त्या ‘उलट्या पट्टी’चा अनुभव कांदेवाल्यांना नवा नव्हता. जोशींनी त्यामागे नशीब वा निसर्ग नव्हे, तर निर्यातबंदी, लेव्ही (सरकारने ठरवलेल्या भावाने सक्तीची खरेदी) आणि आयात यांतून भाव पाडणारे सरकारी धोरण पाहिले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्यातूनच आली.

चाकणच्या कांदा आंदोलनानंतर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसासाठी रस्ते व रेल्वे अडवल्या गेल्या. १९८१ मध्ये निपाणीत तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठिय्या दिला. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. विदर्भात कापूस एकाधिकार खरेदीचा (कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकण्याच्या सक्तीचा) प्रश्न पेटला. छातीवरचा लाल बिल्ला ही एव्हाना ओळख झाली होती.

१९८६ चे चांदवड येथील महिला अधिवेशन मात्र वेगळेच म्हणावे लागेल. भावाच्या चळवळीत तोवर बाईच्या कष्टाचा हिशेब कोणी मांडत नव्हते; तो इथे मांडला गेला. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत अनेकांनी जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला.

१९९१ नंतर संघटनेने खुल्या बाजाराची आणि डंकेल प्रस्तावाची (शेतमालासह जागतिक व्यापार खुला करण्याच्या कराराच्या मसुद्याची) बाजू घेतली. अनेक शेतकरी नेते तेव्हा नेमके उलट बोलत होते. उत्तर प्रदेशातील महेंद्रसिंह टिकैत यांच्याशी तर १९८९ मध्येच, दिल्लीच्या बोट क्लबवरील मेळाव्यात, बिनसले होते. टीकाकारांच्या मते भावाचा लाभ मुख्यतः बागायतदारांना होई आणि शेतमजूर बाजूला पडे. भाव मिळाला तरच मजुरी वाढेल, हे संघटनेचे उत्तर. १९९४ मध्ये स्थापलेला स्वतंत्र भारत पक्ष मतपेटीत फारसा चालला नाही. राजू शेट्टी यांनी वेगळे होऊन स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. मूळ संघटनेच्या कार्यकर्त्यांनी २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात परवानगी नसलेले तणनाशकरोधी कापूस बियाणे जाहीरपणे पेरले.