दुचाकीचं टूटी आणि आउटबोर्डचं टूटी

देवबागला आमच्याकडे छोटी होडी आहे. तिला दोन-स्ट्रोकचं आउटबोर्ड आहे, म्हणजे होडीच्या मागे लावायचं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं इंजिन. पहिल्या वर्षी मी त्यात दुचाकीचं टूटी, म्हणजे दोन-स्ट्रोक इंजिनाचं, ऑइल घालत होतो. कुणी चुकीचं सांगितलं नव्हतं. डब्यावर 'टीसी' लिहिलेलं होतं, मॅन्युअलमध्येही 'टीसी'च दिसलं, म्हणून घेतलं. मॅन्युअलमध्ये त्यापुढे 'डब्ल्यू३' होतं, तिकडे लक्ष गेलं नाही.

सगळा फरक त्या 'डब्ल्यू'त आहे. डब्ल्यू म्हणजे वॉटर, पाण्याने थंड होणारं इंजिन. टीसी-डब्ल्यू३ हे एनएमएमए या अमेरिकेतल्या बोट-उत्पादकांच्या संघटनेचं मानक आहे. नुसतं टीसी, किंवा जासो या जपानी मानकातले एफबी, एफसी, हे दुचाकी-स्कूटरसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी.

जुन्या स्कूटरचं हेड दीडशे अंशांच्याही पुढे तापतं. तेवढ्या उष्णतेत पिस्टन स्वच्छ राहावा म्हणून त्या ऑइलमध्ये कॅल्शियमसारख्या धातूंची संयुगं घालतात. ती जळली की थोडी राख उरते. रस्त्यावर गिअर बदलत, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीला ती फारशी बाधत नाही. आउटबोर्डचं तसं नसतं. समुद्राचं पाणी सतत आतून फिरत असल्यामुळे ते बरंच थंड राहतं, आणि खाडीबाहेर पडलं की तासन् तास एकाच जोरात पळतं. मग ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर साचत जाते, तापून लाल होते, आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते. त्यात पिस्टन जाऊ शकतो. टीसी-डब्ल्यू३ मध्ये राख करणारे धातू नसतात. शिवाय खाऱ्या हवेत बेअरिंग गंजू नयेत याचीही त्यात सोय असते.

माझं मशीन हळू चालवताना अडखळायला लागलं, तेव्हा एकवीसच्या बॉक्स पान्याने प्लग काढला. चांगल्या प्लगचं टोक फिकट तपकिरी असतं. माझ्या प्लगवर करड्या राखेची खपली होती, नखाने खरवडली तर भुकटी पडली. प्लग काळा आणि ओला निघाला असता तर गोष्ट वेगळी होती: तेव्हा बहुतेक ऑइल जास्त झालेलं असतं.

रंगावरून ओळखू नका. निळा, हिरवा, लाल हा नुसता घातलेला रंग असतो. डब्याच्या मागे टीसी-डब्ल्यू३ आणि 'आरएल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. उलटा प्रयोगही नको. टीसी-डब्ल्यू३ महाग आहे म्हणून ते जुन्या स्कूटरला जास्त चांगलं असेल असं वाटतं, पण त्या उष्णतेसाठी ते बनवलेलंच नाही. आणि तुमचं आउटबोर्ड चार-स्ट्रोकचं असेल तर यातलं काहीच पेट्रोलमध्ये घालायचं नाही. त्याचं एफसी-डब्ल्यू ऑइल वेगळं, गाडीसारखं इंजिनात भरायचं.

प्रमाण मॅन्युअलमध्ये असेल तेच. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, दहा लिटरच्या कॅनला २००. नवं इंजिन रुळवताना (रन-इन) बहुधा २५:१ सांगतात, म्हणजे दुप्पट. अर्धं पेट्रोल, मग ऑइल, कॅन नीट हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढतं, म्हणून लागेल तेवढंच मिसळा. पावसाळ्यात होडी वर ओढल्यावर मिश्रण टाकीत ठेवू नका.

चुकून दुचाकीचं ऑइल पडलं असेल तर घाबरू नका. एका टाकीने मशीन जात नाही. टाकी रिकामी करा, प्लग बदला, पुढच्या वेळी बरोबर ऑइल घाला. आणि भर समुद्रात पेट्रोल मिसळायची वेळ आली नि हाताशी फक्त दुचाकीचंच टूटी असेल, तर बेलाशक तेच घाला आणि हळू किनाऱ्याला या. ऑइल नसलेल्या कोरड्या पेट्रोलवर दोन-स्ट्रोक इंजिन काही मिनिटांत धरतं, म्हणजे जाम होतं.