तरस आणि लांडगा: दिसायला सारखे, भावकी वेगळी

माण-खटावच्या माळावर, नाहीतर खाली जत-आटपाडीकडं, रात्री गाडीच्या उजेडात एखादं जनावर आडवं जातं आणि सकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ गावभर होतो. खाली मजकूर ठरलेला: लांडगा आलाय, मेंढरं सांभाळा. नीट बघितलं तर पुष्कळदा ते तरस असतं. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळं पाठ खांद्यापासून शेपटीकडं उतरती. चालताना कमरेत मोडल्यासारखं वाटतं, म्हणून कुणीतरी ‘लांडगा जखमी आहे’ असंही लिहून मोकळं होतं. त्याला काहीही झालेलं नसतं, ठेवणच तशी आहे. अंगावर काळे पट्टे, गळ्याखाली काळा डाग, मानेपासून शेपटीपर्यंत आयाळ. लांडग्याची पाठ सरळ, पाय लांब, अंगावर पट्टा नाही.

दोघंही कुत्र्यासारखे दिसतात, गोंधळ होतो तो तिथंच. लांडगा कुत्र्याच्या भावकीतला, अगदी सख्खा. तरस मात्र मांजराच्या भावकीत मोडतं. मुंगूस, उदमांजर हे त्याचे जवळचे नातेवाईक. कवटीतली कानाची हाडं बघा नाहीतर डीएनए तपासा, उत्तर तेच येतं.

मग मांजराकडच्या जनावराला कुत्र्याचं रूप आलं कुठून? कुत्र्यांचं कूळ सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत सुरू झालं. तरसांचं कूळ युरोप-आशियातलं, २ कोटी वर्षांहून जुनं, आणि सुरुवातीची तरसं उदमांजराएवढी लहान होती. कोटीहून जास्त वर्षं या दोन कुळांची गाठच पडली नाही. इकडं कुत्री नव्हती, म्हणून कुत्र्यासारखी धावून शिकार करणारी तरसं तयार झाली. तिकडं तरसं नव्हती, तर कुत्र्यांच्याच एका शाखेनं हाडं फोडणारे जबडे कमावले. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे: मोकळी जागा दिसली की निसर्ग तिथं हाताशी असलेलं कूळ बसवतो. साधारण ७०-८० लाख वर्षांपूर्वी कुत्री बेरिंगच्या जमिनीवरून (अमेरिका आणि आशिया तेव्हा जोडणारी पट्टी) आशियात उतरली आणि पुढं धावणारी तरसं संपत गेली. नव्या स्पर्धकांमुळं की बदलत्या हवामानामुळं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कितीतरी जातींमधून आज चारच उरल्या: आफ्रिकेतलं ठिपकेवालं, तपकिरी, वाळवी खाऊन जगणारं आर्डवुल्फ, आणि आपलं पट्टेरी.

दात बघितले की फरक पक्का होतो. लांडग्याला ४२ दात, तरसाला ३४. मांस कापायच्या मोठ्या दाढेमागं लांडग्याला आणखी दाढा असतात. तरसाच्या त्या जवळजवळ गेल्यात, कारण मांजराच्या बाजूला मागच्या दाढा कमीच होत आल्या. त्यामुळं हाडं फोडायचं काम पुढच्या दाढांवर आलं. त्या जाड, शंकूसारख्या आहेत आणि त्यांच्यावरचं कवच विलक्षण मजबूत आहे. म्हणून तरस बैलाची मांडी फोडून आतला मगज खातं, हाडंही पचवतं, आणि त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी दिसते. माळावर पांढरी विष्ठा दिसली तर आधी तरसाचा विचार करावा.

‘तरस हसतं’ आणि ‘त्यांच्यात मादीचं राज्य’ या गोष्टी आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्याच्या. आपलं पट्टेरी तरस फारसा आवाज करत नाही, चारा-पाण्याला एकटंच फिरतं. कुत्र्यांनी घेरलं तर आयाळ फुलवतं, आणि अगदीच सापडलं तर कधी कधी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतं. लांडगा याच्या उलट: कळप करून राहणारा, लांबवर हाक देणारा, पिल्लं मिळून वाढवणारा.

मेंढरांचं म्हणाल तर मुख्य वैरी लांडगाच, धनगरांना ते सांगायला नको. तरस एखादं करडू किंवा कुत्रं उचलतं हे खरं, पण त्याचं पोट बरंचसं मेलेल्या जनावरांवर चालतं. तरीही पारध त्याचीच होते, कारण त्याच्या गुहेच्या तोंडाशी शेळ्यांची शिंगं आणि हाडं पडलेली दिसतात आणि गुन्हा तिथंच शाबीत धरला जातो. त्यातलं बरंचसं त्यानं मेलेल्या जनावराचं ओढून आणलेलं असतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वन खात्याची भरपाई लांडग्यानं मारलेल्या जनावरालाही मिळते आणि तरसानं मारलेल्यालाही, तेव्हा पंचनाम्यात अंदाजानं नाव घालायचं कारण नाही. जागा तुडवली जायच्या आत ठशाचा फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून. नखं दोघांचीही उमटतात, त्यावरून ठरवू नका. पुढच्या आणि मागच्या पायाचे ठसे ताडून बघा: तरसाचा पुढचा ठसा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो, कारण डोकं, मान, खांदे यांचा सगळा भार तोच पेलतो.